शीत आघाडी ओलांडल्यानंतरच्या रात्री: पीक, हवा आणि यंत्रे यांची काळजी

शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची उबदार हवेला भिडणारी कड, येणार असल्याचा अंदाज मिळाला की बहुतेक शेतकऱ्यांचे लक्ष त्या दिवसाच्या पावसाकडे आणि वादळी वाऱ्याकडे लागते. ते रास्तच आहे. मात्र पिकाचे सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा त्या दिवशी होत नाही. वारा पडतो, आभाळ निरभ्र होते आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री, धोका टळला असे वाटत असतानाच, पीक गारठते. त्यामुळे आघाडीपूर्वीचे दोन दिवस जितके महत्त्वाचे, तितक्याच नंतरच्या तीन रात्रीही महत्त्वाच्या धरून कामांचे नियोजन करावे.

थंड हवा उबदार हवेपेक्षा जड असते. समुद्रसपाटीवर ३० अंश सेल्सिअसला कोरड्या हवेचे वजन घनमीटरला सुमारे १.१६ किलो भरते, तर शून्य अंशाला सुमारे १.२९ किलो. ही जड हवा जमिनीलगत पाचरीसारखी शिरते आणि पुढची उबदार, दमट हवा झपाट्याने वर उचलते. त्यामुळे या आघाडीचा पाऊस बहुधा अरुंद पट्ट्यात, थोड्या वेळात, विजा, सोसाट्याचा वारा आणि कधी गारा घेऊन पडतो. आघाडी जवळ येताना हवेचा दाब उतरतो आणि ती ओलांडताच एकदम चढू लागतो. वाऱ्याची दिशाही त्याच सुमारास बदलते, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि दक्षिण गोलार्धात त्याच्या उलट. तापमान उतरते हे सर्वांच्या लक्षात येते, पण शेतीच्या दृष्टीने त्याहून बोलका आकडा दवबिंदूचा आहे. हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की बाष्पाचे दव किंवा दहिवर (पांढरे, गोठलेले दव) होते, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि पुढे तापमान उतरण्याचा वेग मंदावतो. आघाडीमागची हवा फार कोरडी असली आणि दवबिंदू शून्याच्या बराच खाली गेला, तर हा आधार मिळत नाही. पारा वेगाने उतरतो, पानांवर पांढरे काही दिसत नाही, आणि तरीही सकाळी उन्हे चढल्यावर पीक काळे पडते. दहिवर दिसले नाही म्हणजे पीक वाचले, असे मानू नये.

आघाडीपूर्वी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम म्हणजे जमीन ओली ठेवणे. ओली, घट्ट आणि तणमुक्त जमीन दिवसा उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरडी, नुकतीच नांगरलेली किंवा गवताने झाकलेली जमीन हे काम नीट करत नाही. त्यामुळे अपेक्षित थंडीच्या एक-दोन दिवस आधी हलके ओलित करावे, पाणी साचू देऊ नये, आणि ओळींमधली मशागत थंडी सरेपर्यंत पुढे ढकलावी. सेंद्रिय आच्छादन एरवी उपकारक असले, तरी फुलोऱ्यातील फळबागेत ते तेवढ्यापुरते ओळींच्या मधल्या जागेतून बाजूला सारणे हिताचे ठरते, कारण जमिनीची ऊब ते झाडापर्यंत पोचू देत नाही. उताराच्या शेतात थंड हवा पाण्यासारखीच खाली वाहते. तिची वाट कुंपणाने, पाचोळ्याच्या ढिगाने किंवा दाट झुडपांनी अडली असेल, तर खालच्या बाजूला फट ठेवावी.

खताचा निर्णय या काळात विशेष काळजीने घ्यावा. पृष्ठभागावर टाकलेला युरिया ओलाव्यात विरघळला की जमिनीतील विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेमुळे त्यातून अमोनिया तयार होतो, आणि आघाडीपूर्वीची उबदार, वारेदार हवा तो उडवून नेण्यास अत्यंत अनुकूल असते. दहा-बारा मिलिमीटर शांत पाऊस झाला तर खत मातीत उतरते, पण नुसत्या शिडकाव्याने ते फक्त विरघळते आणि उडते. मुसळधार सरींत ते वाहून जाते. आघाडीचा पाऊस यांपैकी कसा पडेल हे आपल्या शेतापुरते आधी कळणे कठीण असते. म्हणून पावसाच्या भरवशावर युरिया फेकण्यापेक्षा वाफसा आल्यावर तो मातीआड करणे अधिक शहाणपणाचे आहे. विजांमुळे हवेतील नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात आणि पावसाबरोबर नायट्रेटच्या रूपात जमिनीत येतात हे खरे, परंतु त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की त्यासाठी खताची मात्रा कमी करण्याचे कारण नाही.

आघाडी हवा धुऊन काढते, असा अनुभव सर्वांना असतो. तिच्या आधी हवा एका जागी कोंडून राहिली असेल, तर धूर, धूळ आणि उन्हात तयार होणारा ओझोन साचतो. संवेदनशील पिकांच्या पानांवर बारीक ठिपके दिसतात आणि ते रोगाचे समजून फवारणी केली जाते. आघाडी हे सारे उधळून लावते, दूरचे डोंगर स्पष्ट दिसू लागतात. परंतु ही स्वच्छता टिकाऊ नसते. वारा पडल्यावर निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावते, जमिनीलगतची हवा सर्वांत थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. तापमानाच्या या विपरीततेमुळे धूर, गोठ्यातून व शेणखताच्या ढिगातून निघणारा अमोनिया आणि वाहनांतून निघणारे वायू खालीच अडकतात. अमोनिया आणि नायट्रिक आम्ल यांच्यापासून बनणारे सूक्ष्म कण थंड, दमट हवेत अधिक टिकतात, आणि पहाटेचे धुके त्यामुळे आणखी घट्ट व घातक होते.

याच कारणासाठी सायंकाळी किंवा पहाटे, वारा अगदी पडलेला असताना, तणनाशकाची फवारणी करू नये. वारा नाही म्हणजे फवारा उडणार नाही, हा समज अत्यंत नुकसानकारक आहे. विपरीततेत बारीक थेंब खाली बसत नाहीत, वरही विरत नाहीत. ते तरंगत राहतात आणि हवेच्या मंद ओघाबरोबर शेजारच्या, कधी खूप दूरच्याही पिकावर जाऊन उतरतात. परीक्षा सोपी आहे. शेताच्या कडेला चिमूटभर धूर करून पाहावा. तो वर चढून विरला तर ठीक. पण माणसाच्या उंचीइतका चढून तिथेच आडवा पसरला आणि पट्ट्यासारखा सरकू लागला, तर पंप बंद ठेवावा. सकाळी ऊन चढून जमीन तापल्यावर, ताशी ३ ते १५ किलोमीटरचा स्थिर वारा असताना आणि तो संवेदनशील पिकाकडे वाहत नसताना फवारणी करावी.

थंडी हटवण्यासाठी टायर, पाचट किंवा ओला कचरा जाळून धूर करण्याची रीत सोडून द्यावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. जमिनीतून निसटणारी उष्णता दीर्घ लहरींच्या स्वरूपात असते आणि धुराचे सूक्ष्म कण तिला जवळजवळ अडवतच नाहीत. उलट सकाळी तोच धूर सूर्यप्रकाश अडवून पीक उबदार होण्यास उशीर करतो आणि विपरीततेखाली अडकून घराघरांत शिरतो. एकच मोठी शेकोटी तर वरचे उबदार थर फोडून बाहेर निघून जाते आणि तिच्या जागी चहूबाजूंची थंड हवा ओढून घेते. उष्णता द्यायचीच असेल, तर स्वच्छ जळणाऱ्या अनेक लहान शेगड्या बागेत विखरून ठेवाव्यात. पॉलिहाऊसमध्ये किंवा कोंबड्यांच्या पिलांच्या शेडमध्ये धुराड्याशिवायची शेगडी लावू नये. अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंग-वासावरून ओळखता येत नाही आणि तो माणसाचा जीव घेतो. त्याच धुरातील इथिलीनमुळे टोमॅटोसारख्या पिकाची फुले गळतात. थंडीच्या भीतीने शेडचे सर्व पडदे बंद केल्यास अमोनिया साचून पक्ष्यांचे डोळे आणि श्वसनमार्ग दुखावतात. आत शिरताच डोळे चुरचुरले, तर वायुवीजन कमी पडत आहे असे समजावे.

तुषार सिंचनाने संरक्षण करणाऱ्यांनी एक हिशेब पक्का ध्यानात ठेवावा. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता देते, पण एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता खर्च होते. कोरड्या, वारेदार हवेत बाष्पीभवन वरचढ ठरते आणि पाणी पिकाला वाचवण्याऐवजी अधिक थंड करते. म्हणून आघाडी ओलांडल्याच्या वारेदार रात्री तुषार संच सुरू करू नयेत. शांत रात्रीही कोरड्या तापमापीऐवजी ओल्या कापडाच्या तापमापीवरून वेळ ठरवावी, आणि एकदा पाणी सुरू केले की बर्फ वितळू लागेपर्यंत ते थांबवू नये. मध्येच वीज जाण्याची शक्यता असेल, तर सुरुवातच न केलेली बरी. कळीवरचा बर्फ जवळून पाहावा: तो काचेसारखा पारदर्शक असून टोकाला पाण्याचा थेंब लोंबत असेल, तर पाणी पुरेसे आहे, तो दुधी आणि अपारदर्शक झाला असेल, तर पाणी कमी पडत आहे आणि कळी धोक्यात आहे.

हवामान केंद्राचा आकडा सावलीतील, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचा असतो. निरभ्र, शांत रात्री पानाचे तापमान त्याहून दोन-चार अंशांनी कमी असू शकते. त्यामुळे अंदाजात ३ अंश दिसले तरी दहिवर पडू शकते. एक तापमापी पिकाच्या उंचीवर, शेताच्या सर्वांत खोलगट भागात लावावी. सफरचंदाच्या पूर्ण फुलोऱ्यात उणे २.२ अंशाला सुमारे दहा टक्के आणि उणे ३.९ अंशाला सुमारे नव्वद टक्के फुले मरतात. एवढ्याशा फरकावर हंगाम अवलंबून असल्यामुळे अंदाजे काम करू नये. केळी, टोमॅटो, काकडी यांसारख्या उष्ण प्रदेशातील पिकांना गोठणबिंदूची वाट पाहावी लागत नाही. १० ते १२ अंशांखाली काही रात्री गेल्या की त्यांची वाढ व फळधारणा बिघडते.

यंत्रांपैकी पाणी धरून ठेवणारे प्रत्येक यंत्र आधी रिकामे करावे. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि पंपाची बिडाची बॉडी, सँड फिल्टर, व्हॉल्व्ह, फवारणी यंत्राचे नोझल यांना ते सहज तडा देते. केवळ टाकी रिकामी करणे पुरत नाही. पंपाच्या तळाचा ड्रेन प्लग काढावा आणि लॅटरलची (ठिबकच्या उपनळ्यांची) टोके उघडी ठेवावीत. डिझेलमधील मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबवते, त्यामुळे हिवाळी प्रतीचे इंधन थंडीपूर्वीच भरावे. ज्या इंजिनांना युरियाचे द्रावण लागते, त्यांतील ३२.५ टक्क्यांचे द्रावण उणे ११ अंशाला गोठते. चार्ज उतरलेली बॅटरी पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीपेक्षा खूप लवकर गोठते. ट्रॅक्टरच्या १५ पीएसआय दाबाच्या टायरमध्ये तापमान १५ अंशांनी उतरल्यास सुमारे दीड पीएसआय दाब कमी होतो, तेव्हा दाब सकाळी थंड टायरवरच तपासावा. हायड्रॉलिक तेल घट्ट झालेले असताना लगेच भार देऊ नये.

आघाडीनंतर उबदार, दमट हवा परतते तेव्हा थंड लोखंडावर पाणी सुटते, आणि गंज व विद्युत बिघाड बहुधा याच वेळी सुरू होतात. स्टार्टर पॅनल कोरडे केल्याशिवाय मोटर चालू करू नये. खत पसरवणारे यंत्र आधीच धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवावे, कारण चिकटलेले खत हवेतील ओलावा ओढून घेते. डिझेलची टाकी भरलेली असल्यास आत पाणी कमी सुटते. धान्याच्या कोठारांसाठी मात्र आघाडीमागची थंड, कोरडी हवा ही संधी आहे. पाऊस पूर्ण थांबल्यावर पंखे लावून ती धान्यातून खेळवावी. धान्य थंड झाले की कीड मंदावते आणि वरच्या थरात ओल साचून खपली धरण्याचा धोका कमी होतो.

गारठलेल्या झाडांची छाटणी लगेच करू नये. नुकसान पाहण्यासाठी बर्फ वितळल्यानंतर काही तासांनी निरनिराळ्या उंचीवरच्या कळ्या उभ्या चिराव्यात. मधला भाग तपकिरी किंवा काळा पडला असेल तर ती कळी मेली आहे, हिरवा असेल तर जिवंत आहे. फांदी कुठपर्यंत वाळली हे नवी पालवी फुटल्यावरच नक्की कळते. तोपर्यंत मेलेली पाने खालच्या डोळ्यांना (न उमललेल्या कोंबांना) पुढच्या थंडीपासून थोडा आडोसा देत राहतात.