मुलांना घेऊन समुद्रकिनारी जाताय? या चुका टाळा

हॉटेल ठरवताना आपण फोटो बघतो, खोलीतून समुद्र दिसतो का विचारतो आणि पैसे भरून मोकळे होतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. पहिली चूक हीच. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी आठला ओहोटी असेल तर आठवड्याभराने त्याच वेळी भरती असते. ओहोटीला जिथे ऐसपैस सपाट वाळू मिळते तिथे उधाणाच्या भरतीत चटई टाकायलाही जागा उरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर हा फरक आणखी वाढतो. वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं, तारखा पक्क्या करण्याआधी बघून घ्या. (भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी भरती-ओहोटी जेमतेमच असते, तिथे हा विचार नाही केलात तरी चालेल.)

उन्हाच्या वेळेला किनाऱ्यावर

नाश्ता, आंघोळी, बॅगा असं करत करत बहुतेक कुटुंबं किनाऱ्यावर पोचतात ती नेमकी अकरा-बाराला. सकाळी 10 ते दुपारी 4 हे ऊन सगळ्यात कडक. छत्री लावली म्हणून निर्धास्त राहू नका. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि लाटांचा फेस सुमारे 25 टक्के अतिनील किरणं परत फेकतो, म्हणजे सावलीतही खालून ऊन लागतंच. आभाळ भरून आलं तरी ही किरणं बऱ्याच प्रमाणात खाली पोचतात.

सनस्क्रीन किमान 30 एसपीएफचं हवं आणि ते खोलीतच, कपडे घालण्याआधी लावावं. वाळूने माखलेल्या अंगावर ते चोळायला गेलात की मूल किंचाळत पळतं आणि तुम्ही अर्धवट सोडून देता. कानाच्या पाळ्या, मान, गुडघ्यांची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहून जातो. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं. खरं सांगायचं तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट यापेक्षा कितीतरी सोयीचा, तो दर दोन तासांनी लावावा लागत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र उन्हात नेऊच नका. सावली आणि अंगभर सुती कपडे हाच त्याचा बचाव.

‘सगळे आहेत ना तिथे!’

चार मोठी माणसं असतात, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही. गुपचूप खाली जातं. म्हणून पाळ्या लावा: पंधरा-वीस मिनिटं एकाच माणसाचं लक्ष फक्त पाण्यावर, फोन दुसऱ्याच्या हातात. पोहता न येणारं मूल हात पुढे केला की पकडता येईल इतक्या अंतरावर हवं. दंडावरचे हवेचे फुगे हे खेळणं आहे, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नका. पोहण्याचा पोशाख निळा किंवा पांढरा घेतलात तर पाण्यात तो दिसतच नाही. भडक नारिंगी घ्या.

लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर तिथेच उतरायचा मोह होतो. तो बऱ्याचदा समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नका, किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हा. जीवरक्षक असलेल्या, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच उतरलात तर ही वेळ सहसा येत नाही. वाळूतले खड्डेही गुडघ्यापेक्षा खोल नकोत, कडा ढासळून मूल आत गाडलं जाऊ शकतं.

पहिल्याच दिवशी सगळं

प्रवासाने आंबलेल्या मुलांना त्याच संध्याकाळी बोटीत बसवणं म्हणजे रडारड ओढवून घेणं. पहिला दिवस मोकळा ठेवा. दुपारची झोप मोडू नका, नाहीतरी ती कडक उन्हाच्याच वेळेला असते. खोलीत शिरल्या शिरल्या गॅलरीतली खुर्ची कठड्यापासून लांब सरकवा.

तरीही बिघडलंच तर

त्वचा भाजून लाल झाली तर गार पाण्याच्या पट्ट्या, सैल कपडे, भरपूर पाणी. बर्फ चोळायचा नाही. फोड आले किंवा ताप चढला तर डॉक्टर. जेलीफिश डसला तर जखम समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नको, आणि चोळूही नका. पुढचे उपाय जातीनुसार बदलतात, ते जीवरक्षकाला विचारा.

मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्यात शोधा, दुकानं-गाड्या नंतर. एकाने बसल्या जागीच थांबावं, दुसऱ्याने जीवरक्षकाकडे धाव घ्यावी. त्या दिवशीच्या कपड्यातला मुलाचा फोटो सकाळीच काढून ठेवलेला असेल तर वर्णन करण्यात वेळ जात नाही.