आरसी गाडीची बॉडी रंगवायला घेताना

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या बॉडी रंगवायचं, हौस म्हणून सुरू केलेलं हे काम आता मी दुसऱ्यांसाठीही करतो, त्यामुळे नवीन मंडळींचे प्रश्न सतत कानावर येतात. पहिला प्रश्न ठरलेला: रंग कुठला आणू? त्याआधी हातातली बॉडी कशाची आहे ते बघा. पारदर्शक, पातळ, दाबली की वाकणारी असेल तर ती पॉलिकार्बोनेटची. सगळे तिला लेक्झानच म्हणतात. ती आतून रंगवायची. दुसरी कडक प्लास्टिकची, एबीएस किंवा स्टायरीनची, ती बाहेरून. तामिया या जपानी मॉडेल कंपनीचे पीएस मालिकेचे स्प्रेचे डबे लेक्झानसाठी आणि टीएस मालिकेचे कडक प्लास्टिकसाठी असतात. डबे दिसायला जवळपास सारखेच. टीएसचा रंग लेक्झानवर मारला तर सुरुवातीला झकास दिसतो आणि पहिल्याच धडकेत त्याचे पापुद्रे सुटायला लागतात.

हे स्प्रेचे डबे ज्वलनशील, त्यामुळे विमानाच्या टपालाने येत नाहीत. म्हणून आपल्याकडे बरेच जण एअरब्रशकडे, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाकडे वळतात: ०.३ मिलिमीटरचं नोझल, एक छोटा कॉम्प्रेसर आणि लेक्झानला धरणारे पाण्यातले अॅक्रिलिक रंग. खर्च एकदाच होतो आणि रंगछटा हवी तशी मिसळता येते. माझं मत विचाराल तर दुसरी-तिसरी बॉडी करायची नक्की असेल तेव्हाच एअरब्रश घ्या.

लेक्झानचं अर्धं काम रंगाआधीच होतं. बाहेरच्या बाजूला संरक्षक फिल्म असते, ती शेवटपर्यंत काढायची नाही. बॉडी चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर ठेवा, अंधाऱ्या खोलीत खालून टॉर्च मारा, आणि बॉडी ज्यांवर बसते त्या पोस्टच्या, म्हणजे उभ्या खुंट्यांच्या सावल्या पडतील तिथे फिल्मवर मार्करने खुणा करा. चाकांच्या कमानीही याच वेळी आखून घ्या. रंग लागल्यावर आरपार काही दिसत नाही. मग आतली बाजू भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवायची. साच्यातून काढताना लागलेला तेलकट थर राहिला तर तिथे रंग धरत नाही. धुतल्यावर आत बोट लावू नका.

नंतर मास्किंग, म्हणजे जिथे रंग नको तो भाग टेपने झाकणं. खिडक्यांचे मास्क आतून चिकटवायचे आणि त्यांची कड नखाने नाही, तर आइस्क्रीमच्या काडीच्या गोल टोकाने दाबत जायची. कड नीट बसली की टेपखालची हवेची पांढुरकी रेघ नाहीशी होते. जिथे ती रेघ उरली तिथून रंग आत शिरणार, हे धरूनच चाला.

आता क्रम. काचेच्या मागून चित्र काढणारा आधी डोळ्यातली बाहुली रंगवतो आणि चेहऱ्याचा रंग शेवटी भरतो. इथेही सगळा हिशेब उलटा. बाहेरून सर्वांत वर दिसणारी गोष्ट आतून सर्वांत आधी. काळे पट्टे आधी, मग लाल, मग पिवळा. गडद आधी आणि फिकट नंतर, कारण फिकट रंगाच्या पातळ थरामागे काळा आला की तो पुढे झिरपल्यासारखा दिसतो. लाल, पिवळ्या आणि फ्लोरोसंट रंगांच्या मागे पांढऱ्याचा एक हात द्यावाच लागतो. तोच लाल रंग मागे काळा मारला तर मरून होतो. पहिला हात इतका हलका द्यायचा की आरपार वर्तमानपत्र वाचता यावं. जाड हात दिला की रंग टेपखाली ओढला जातो. सगळं झाल्यावर खिडक्यांचे मास्क काढून काचांना स्मोकचा, म्हणजे धुरकट पारदर्शक रंगाचा पातळ हात.

पावसाळ्यात हे लॅकरचे स्प्रे डबे मी बाहेर काढतच नाही. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि ती पुसून जात नाही. जुलैत कुणी घाई केली तर सरळ ऑक्टोबरचा वायदा करावा.

कापण्याबद्दल थोडक्यात. सरळ रेषेवर कटरने हलकी चीर द्यायची आणि वाकवायचं, तुकडा आपसूक सुटतो. कमानींना वाकड्या पात्याची कात्री. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा, कारण तडा कडेवरच्या खाचेतूनच सुरू होतो. तडा गेलाच तर त्याच्या टोकाला दोन मिलिमीटरचं भोक पाडा, तो पुढे सरकत नाही. आतून बळकटीसाठी पीओपीवाले सांध्यांवर लावतात ती फायबरची जाळीची पट्टी आणि लवचिक गोंद. थिनर, अॅसिटोन आणि स्क्रूला लावायचं थ्रेडलॉक लेक्झानपासून लांब ठेवा. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते, तेही लक्षात असू द्या.

खरी मजा डिटेलिंगमध्ये, म्हणजे बारीकसारीक तपशील भरण्यात आहे, आणि इथे प्रमाणाचं भान सुटलं की गाडी खेळणं दिसते. मारुती जिप्सी घ्या. १९८५ साली आलेली ही गाडी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली आहे, त्यामुळे चूक लगेच खटकते. तिचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, म्हणजे १:१० मध्ये, खऱ्याच्या एक दशांश मापात, २३७.५. लांबी ४०१० आणि रुंदी १५४०, म्हणजे ४०१ आणि १५४. चॅसिस निवडताना हे आकडे आधी मांडा. दाराची फट खऱ्या गाडीत पाचेक मिलिमीटर असेल तर मॉडेलवर ती अर्धा मिलिमीटर. आपण पेनाने एक मिलिमीटरची ठसठशीत काळी रेघ ओढतो, तेव्हा दाराला एक सेंटिमीटरची फट पडते. रेघ बारीक ठेवा, आणि काळ्याऐवजी गडद राखाडी किंवा तपकिरी वापरा. अशा फटींच्या रेघांसाठी (पॅनेल लाइन) मिळणारे पातळ एनॅमल रंग कडक बॉडीवर रंगाचा थर पुरता वाळल्यावरच. उघड्या एबीएसवर त्यातलं थिनर मुरलं तर प्लास्टिक तडकतं.

नंबरप्लेट ५०० बाय १२० मिलिमीटरची, म्हणजे ५० बाय १२. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळी. हिरव्या जिप्सीला एमएच-०८ लावली की लगेच रत्नागिरी आली. मग चिखलही तिथलाच हवा, जांभ्याचा लाल. देशावरची गाडी असेल तर काळपट तपकिरी. चाळलेली खरी माती किंवा खडूची पूड ब्रशने लावायची. चाकांच्या मागे आणि कमानीत जाड, बॉनेटवर नावापुरती, मागच्या दारावर मात्र भरपूर, कारण धावत्या गाडीच्या पाठीशी धूळ ओढली जाते. पुढच्या काचेवर पूड लावायच्या आधी वायपरच्या फेऱ्याच्या आकाराचा टेपचा तुकडा चिकटवा. पूड लावून मॅट क्लिअरचा, म्हणजे चमक नसलेल्या पारदर्शक थराचा हात दिल्यावर टेप काढला की दोन स्वच्छ चाप उरतात. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दिव्यांना निळसर पांढरा एलईडी घालू नका, जुन्या जिप्सीला तो शोभत नाही. वॉर्म व्हाइट घ्या. गाडीतल्या, रिमोटचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टवरून सहा व्होल्ट मिळत असतील तर प्रत्येक एलईडीला १५० ओहमचा रेझिस्टर पुरतो. वायरी बॉडीच्या आतून टेपने नेऊन मध्ये एक छोटा कनेक्टर ठेवा, म्हणजे बॉडी उचलताना काही तुटत नाही.

दुसऱ्याचं काम घेणार असाल तर आधी कापून उरलेल्या लेक्झानच्या तुकड्यावर रंगाचा नमुना करून द्या. फोनवरच्या फोटोतला लाल आणि हातातला लाल यावरूनच बहुतेक वाद होतात. आणि पैसे रंगाच्या डब्यावर लावू नका, मास्किंगच्या तासांवर लावा.