सॅक्रामेंटो किंग्जवर मराठी पॉडकास्ट करताना

5 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये मी पहिल्यांदा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना डोळ्यांनी पाहिला. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. आदल्या दिवशीचा सामना पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये 132-131 असा जिंकला होता, आमच्या दिवशी तर किंग्ज 130-106 असे सडकून हरले. तरी मी त्यांचीच झाले. संघाचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि माझा आतेभाऊ कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहतो, एवढी दोन कारणं मला पुरली. त्या रात्री या आतेभावाशी, म्हणजे दादाशी, दीड तास फोनवर बोलले. शेवटी तो म्हणाला, "अगं, हे रेकॉर्ड करायला हवं होतं."

तिथून आमचा पॉडकास्ट सुरू झाला. तुम्हालाही आपल्या संघावर बोलायचं असेल, तर महागडा माइक शोधण्याआधी एक जोडीदार शोधा. एनबीएच्या हंगामात प्रत्येक संघाचे 82 सामने असतात आणि त्यातले बरेच हरण्याचे असतात. एकट्यानं तेवढं बोलवत नाही. आम्ही आठवड्याला एकच भाग करतो. इथं पुण्यात रात्री नऊ, थंडीत तिथं सकाळी साडेसात.

फोन कॉलच रेकॉर्ड करू नका. आमचा पाचवा भाग त्यात गेला, दादाचं निम्मं बोलणं तुटक आलं. आता दोघंही आपापल्या लॅपटॉपवर आपापला आवाज टिपतो. सुरुवातीला "तीन, दोन, एक" म्हणून एकदम टाळी वाजवायची, नंतर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही टाळ्या जुळवल्या की संवाद जवळपास जुळतो. मी पंखा बंद करून, टेबलावर गोधडी टाकून बसते. टीव्हीवरची कॉमेंट्री आणि संघाचा लोगो मात्र वापरू नका, त्यांचे हक्क दुसऱ्यांकडे असतात.

पण खरं शिकले ते बोलण्याबद्दल. सुरुवातीला आम्ही स्कोअर वाचून दाखवायचो. तो तर ऐकणाऱ्याच्या फोनवर आधीच असतो! त्याला हवं असतं ते हे, की खेळात नेमकं घडलं काय. म्हणून आता एकच चाल घेतो आणि ती चित्राशिवाय दिसेल अशी सांगतो. उदाहरणार्थ, केविन ह्युर्टर किंग्जमध्ये होता तेव्हाची ही चाल: किंग्जचा डोमान्टस सबोनिस चेंडू घेऊन थांबतो, ह्युर्टर त्याला घासून वळसा घेतो, जाता जाता हातातून चेंडू घेतो, आणि त्याच्यामागचा बचावपटू सबोनिसच्या अंगावर अडकतो. हे समजावताना माझ्या तोंडून खो-खोतला खांब निघून गेला. पळणारा खांबाला चिकटून वळतो तसंच. त्या भागानंतर माझ्या आईला पहिल्यांदा बास्केटबॉल कळला.

दुसरं, रागात रेकॉर्ड केलेलं लगेच टाकू नका. 8 फेब्रुवारी 2022 ला किंग्जनी टायरीस हॅलिबर्टन पेसर्सना देऊन सबोनिसला आणलं. अर्ध्या तासात आम्ही भाग टाकला, नुसता संताप. पुढच्याच हंगामात संघानं 48 सामने जिंकले, सबोनिस रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतरचा चेंडू पकडण्यात, लीगमध्ये पहिला आला, प्रत्येक विजयानंतर स्टेडियमवरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात जाऊ लागला आणि 2006 नंतर पहिल्यांदा किंग्ज प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, पोचले. हॅलिबर्टनही पेसर्सना 2025 च्या अंतिम फेरीत घेऊन गेला. म्हणजे अदलाबदल दोघांनाही फळली. तो जुना भाग आम्ही काढला नाही, त्याच्या पुढे चूक कबूल करणारा नवा भाग जोडला. आमचे सगळ्यात मनापासून लिहिलेले ईमेल त्याच भागाला आले.

एडिटिंगमध्ये "अं", "म्हणजे" कापा, पण जपून. त्या प्लेऑफच्या पहिल्या फेरीतला गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना इथं 1 मे 2023 ला मध्यरात्रीनंतर एक वाजता सुरू झाला. वॉरियर्सच्या स्टेफ करीनं एकट्यानं 50 गुण केले आणि किंग्ज 120-100 हरले. दादा सामना बघायला गेला होता, बाहेर येऊन गाडीत बसूनच बोलायला लागला. मी विचारलं, "दादा, कसं वाटतंय?" अकरा सेकंद काहीच नाही, फक्त मागून पार्किंगमधल्या गाड्यांचे आवाज. मग म्हणाला, "सोळा हंगाम थांबलो गं." ती अकरा सेकंदं मी तशीच ठेवली.