वापरून फेकायचे सेल की चार्जिंगचे? या चुका टाळा

भिंतीवरच्या घड्याळात मी एकदा चार्जिंगचा सेल घातला. आता वर्षभर बघायला नको, असं वाटलं होतं. चार महिन्यांत घड्याळ मागे पडायला लागलं. सेल खराब निघाला असं समजून मी तो बाजूला टाकला. तो खराब नव्हता. जुन्या पद्धतीचा निकेल मेटल हायड्राइड सेल नुसता पडून राहिला तरी उतरत जातो, आणि घड्याळ तर इतका थोडा करंट घेतं की त्याने वापरण्याआधीच सेल स्वतःहून रिकामा होतो.

म्हणून पहिली चूक हीच: सेल चांगला कोणता, असं विचारणं. विचारायचं ते वस्तूबद्दल. ती किती करंट खाते आणि तिच्यातले सेल तुम्ही किती वेळा बदलता? घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये एक साधा अल्कलाइन, म्हणजे वापरून फेकायचा, सेल वर्षभर किंवा जास्तच जातो. तिथे चार्जरचा खर्च कधीच भरून निघत नाही. याउलट मोटर असलेली खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, गेमचा कंट्रोलर, रोज लागणारा टॉर्च यांच्यात अल्कलाइन सेल घालणं म्हणजे दर काही दिवसांनी सेल कचऱ्यात टाकणं. शिवाय जास्त करंट ओढला की अल्कलाइन सेल आपल्या क्षमतेचा मोठा भाग देऊच शकत नाही. कमी करंटवर 2000 एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) वर देणारा सेल फ्लॅशमध्ये त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. चार्जिंगच्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच करंटला होणारा अडथळा, कमी असतो, त्यामुळे तिथे तो सरळ सरस ठरतो.

1.2 व्होल्ट वाचून घाबरणं

अल्कलाइनवर 1.5 लिहिलेलं असतं, चार्जिंगच्या सेलवर 1.2. चार सेलच्या वस्तूत 6 ऐवजी 4.8 व्होल्ट मिळणार, मग ती चालेल कशी, ही शंका रास्त आहे. पण अल्कलाइनचे 1.5 व्होल्ट फक्त सुरुवातीचे. वापरायला लागलं की ते उतरत जातात आणि निम्म्या वाटेवर तोही 1.2 च्या आसपास आलेला असतो. चार्जिंगचा सेल मात्र जवळजवळ शेवटपर्यंत 1.2 धरून ठेवतो आणि मग एकदम खाली येतो. त्यामुळे बहुतेक वस्तू व्यवस्थित चालतात.

गोंधळ होतो तो बॅटरी दाखवणाऱ्या खुणेचा. नुकतेच चार्ज केलेले सेल घालूनही अर्धीच बॅटरी दिसते, कारण ती खूण अल्कलाइनच्या हिशोबाने बेतलेली असते. काही कॅमेऱ्यांत सेलचा प्रकार निवडायची सोय असते, ती आधी शोधा. आणि तरीही एखादी वस्तू खरोखरच अडत असेल, तर तिच्यासाठी अल्कलाइनच ठेवा. हट्ट करण्यात अर्थ नाही.

मोठ्या आकड्याच्या मागे लागणं

डब्यावर 2700 एमएएच दिसलं की 2000 चा सेल हलका वाटतो. सहसा उलट असतं: क्षमता जितकी ताणलेली, तितकी चार्ज करण्याची आवर्तनं कमी. आणि पेन्सिल सेलच्या नेहमीच्या आकारात, निकेल मेटल हायड्राइडमध्ये, 3000 च्या वरचा आकडा छापलेला असेल तर मी तो सेल घेत नाही. त्या आकारात तेवढं मावतच नाही.

आकड्यापेक्षा बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पडून राहिल्यावर किती उतरतो. 2005 साली जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप आणला, तेव्हापासून वर्षभर ठेवूनही बराचसा चार्ज टिकवणारे सेल मिळू लागले. पाकिटावर ‘चार्ज करून दिलेले, लगेच वापरा’ अशा अर्थाची ओळ असेल तर ते बहुधा याच जातीचे. माझं घड्याळाचं उदाहरण या सेलना तितकंसं लागू होत नाही.

नवा-जुना एकत्र घालणं

ही चूक सगळ्यात जास्त वस्तू बिघडवते. ओळीने लावलेल्या सेलमधून करंट सारखाच वाहतो. त्यातला एक आधी रिकामा झाला तरी उरलेले त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि तो उलटा भरायला लागतो. चार्जिंगचा सेल यात कायमचा दुबळा होतो. अल्कलाइन सेलमध्ये वायू साठून तो गळतो. एकत्र घेतलेले सेल एकत्रच वापरा. मी प्रत्येक जोडीवर मार्करने अक्षर लिहून ठेवते.

सेल गळून पांढरी भुकटी जमली असेल तर हातमोजे घालून, डोळे सांभाळून सेल काढा. अल्कलाइनमधला द्रव क्षारधर्मी असतो, म्हणून कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पट्ट्या पुसा, मग ओलसर कापडाने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. दीर्घकाळ न वापरायच्या वस्तूतून सेल काढून ठेवले की ही वेळच येत नाही.

चार्जरवर काटकसर

महागाचे सेल आणि फुकट मिळालेला चार्जर, ही जोडी वाईट. स्वस्त चार्जर ठरलेल्या तासांनी बंद होतात किंवा बंदच होत नाहीत, आणि सेल दोन-दोनच घेतात. प्रत्येक सेल वेगळा तपासून भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्या. अगदी रिकामा झालेला सेल असा चार्जर कधीकधी ओळखत नाही आणि दिवा लुकलुकतो. तो सेल साध्या चार्जरमध्ये, समोर बसून, पाच मिनिटं लावा आणि परत चांगल्यात टाका, पुष्कळदा पकडतो. चालू असताना सेल हातात धरवत नाही इतका तापला तर मात्र काढून टाका.

अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालू नका, एकदाही नाही.

धुराच्या अलार्ममध्ये कंपनीने सांगितलेलाच सेल घाला. चार्जिंगचा सेल शेवटी एकदम उतरतो, त्यामुळे बदलायचा इशारा आणि बंद पडणं यात फारसा वेळ मिळत नाही. टाकून द्यायच्या 9 व्होल्टच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, कारण ती टोकं शेजारीशेजारी असतात आणि एखादी किल्ली किंवा पिन लागली तरी तापून पेट घेऊ शकतात. गोल बटण सेल तर लहान मुलांच्या हाताला लागेल असा एकही ठेवू नका. मुलाने तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. वाट न बघता थेट रुग्णालयात न्या.