पितळी व्हॉल्व्हपाशी गंजणारा जीआय पाइप

गच्चीवरील टाकीतून खाली येणाऱ्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपला जिथे पितळेचा व्हॉल्व्ह जोडला होता, नेमक्या तिथेच आटे गंजून पाणी झिरपू लागले. उरलेला पाइप मात्र ठणठणीत होता. प्लंबरने नवी टेफ्लॉन टेप गुंडाळली, परंतु टेप गळती थांबवते, गंज नव्हे.

दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असून दोहोंना क्षारयुक्त पाणी लागत असेल, तर त्यांची लहानशी बॅटरीच तयार होते आणि अधिक क्रियाशील धातू झिजतो. पितळेच्या तुलनेत जस्त आणि लोखंड दोन्ही अधिक क्रियाशील असतात. शिवाय आटे पाडताना जस्ताचा थर कापला जात असल्याने तिथे लोखंड उघडेच राहते. आमचे पाणी बोअरवेलचे, म्हणजे क्षारांची कमतरता नाहीच.

गंजलेला भाग कापून मी पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये सीपीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा बसवून घेतला. त्याच्या जोडण्या निवडताना, पाइपकडच्या बाजूला पितळी आट्यांची जोडणी येणार नाही याकडे लक्ष दिले (दुकानदार मजबुतीसाठी तीच पुढे करतात), अन्यथा पितळ पुन्हा लोखंडाला टेकले असते. व्हॉल्व्हचा भार प्लॅस्टिकवर येऊ नये म्हणून भिंतीत क्लॅम्पही ठोकून घेतला.