लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची उष्णता आणि प्रकृती : या चुका टाळा

लॅपटॉप तापला की हार्ड डिस्क खराब होणार आणि लॅपटॉप गार असला की ती सुरक्षित राहणार, असा समज अनेक वापरकर्त्यांचा असतो. यातील पहिला भाग अर्धाच खरा आहे. दुसऱ्या भागावर विसंबल्यामुळे मात्र अनेकांची वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि कागदपत्रे गेलेली आहेत. तापमान हे डिस्क झिजण्याच्या कारणांपैकी एक आहे. डिस्क प्रत्यक्ष आजारी पडली आहे की नाही, हे सांगणारे आकडे वेगळे असतात आणि तेच सहसा कोणी पाहत नाही. या दोन गोष्टी एक मानल्यामुळे पुढच्या बहुतेक चुका घडतात.

हाताला लागणाऱ्या उबेवरून डिस्कचे तापमान ठरवणे

कीबोर्डखालची जागा गरम लागते म्हणजे डिस्क तापली, असे नसते. ती ऊब बहुधा प्रोसेसर, ग्राफिक्स चिप किंवा चार्ज होणाऱ्या बॅटरीची असते. प्रोसेसर ९० अंश सेल्सिअसपर्यंत गेलेला असताना डिस्क ४२ अंशांवर असणे अगदी शक्य आहे. डिस्कमध्ये स्वतःचा तापमान संवेदक असतो आणि त्याची नोंद ‘स्मार्ट’ या स्वयंतपासणी व्यवस्थेत १९४ क्रमांकावर मिळते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, तर लिनक्स आणि मॅकवर स्मार्टमॉनटूल्स हे विनामूल्य प्रोग्रॅम ही नोंद वाचून दाखवतात.

लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या २.५ इंची हार्ड डिस्कसाठी उत्पादक सर्वसाधारणपणे ० ते ६० अंश ही कार्यमर्यादा देतात. नेहमीच्या वापरात ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असलेल्या डिस्कची चिंता करू नये. आकडा तासन्‌तास ५० च्या वर राहत असेल तर कारण शोधावे आणि ५५ ओलांडत असेल तर चालू असलेले जड काम थांबवावे. मोठी फाइल कॉपी करताना तापमान काही मिनिटे वर चढणे स्वाभाविक आहे, म्हणून एका क्षणाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

याउलट, डिस्क जितकी गार तितकी चांगली, हेही खरे नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्यम तापमानाच्या पट्ट्यात उष्णता आणि बिघाड यांचा ठळक संबंध आढळला नाही. उलट फार कमी तापमानात चालणाऱ्या डिस्कमध्ये बिघाडाचे प्रमाण अधिक दिसले. उष्णतेचा परिणाम जाणवला तो अतिशय वरच्या तापमानात आणि मुख्यतः तीन वर्षांहून जुन्या डिस्कवर. त्या डिस्क डेटा सेंटरमधल्या होत्या, त्यामुळे लॅपटॉपला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी तापमान दोन-तीन अंशांनी खाली आणण्यासाठी धडपडणाऱ्यांनी ते जरूर लक्षात घ्यावे. लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी किंवा ओले कापड ठेवणे तर निव्वळ घातक आहे, कारण गार पृष्ठभागावर बाष्प साठते आणि ते पाणी सर्किटवर उतरते.

उष्णतेचे मूळ सोडून वरवरचे उपाय करणे

गादी, उशी किंवा मांडीवरच्या पांघरुणावर लॅपटॉप ठेवला की तळाची हवा आत ओढणारी छिद्रे बंद होतात आणि सगळ्या भागांची उष्णता आतच फिरत राहते. डिस्कला स्वतःचा पंखा नसतो. आजूबाजूचा धातू आणि आतून वाहणारी हवा यांवरच तिची भिस्त असते. म्हणून पंख्याजवळच्या उष्णताशोषक पट्ट्यांमध्ये साठलेली धूळ डिस्कलाही बाधते. ती काढताना दाबाखालील हवेचा डबा वापरावा आणि पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाहीतर ते अतिवेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. पंख्यांचा कूलिंग पॅड विकत घेण्याआधी लॅपटॉपची हवा आत घेणारी छिद्रे नेमकी कुठे आहेत ते पाहावे. पॅडचा झोत आणि ती छिद्रे जुळत नसतील तर फारसा उपयोग होत नाही.

एक कारण मात्र हार्डवेअर उघडून सापडत नाही. रॅम अपुरी असली की ऑपरेटिंग सिस्टीम तात्पुरता मजकूर डिस्कवर ठेवते आणि परत वाचते, आणि ही ये-जा दिवसभर चालू राहते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांजवळ दिसत असेल तर बाहेरून हवा मारण्याऐवजी कोणता प्रोग्रॅम डिस्कला राबवत आहे ते शोधावे. शोधसूचीची बांधणी, विषाणूतपासणी आणि एकाच वेळी चालणाऱ्या दोन समक्रमण सेवा हे नेहमीचे कारणीभूत घटक असतात.

झाकण मिटल्याबरोबर लॅपटॉप बॅगेत टाकण्याची सवयही मोडायला हवी. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये निद्रावस्थेतही काही कामे चालू राहतात आणि मधेच यंत्रणा पूर्ण जागी होऊ शकते. बंद बॅगेत उष्णतेला वाट नसते, आणि फिरणाऱ्या डिस्कला त्याच वेळी हादरेही बसत असतात. डिस्कची चकती मिनिटाला बहुधा ५४०० वेळा फिरते आणि वाचन करणारे हेड तिच्यापासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. त्यामुळे चालू डिस्कची धक्का सोसण्याची क्षमता बंद डिस्कच्या निम्म्याहूनही कमी असते. प्रवासाआधी यंत्र पूर्ण बंद करावे किंवा हायबरनेट करावे (चालू काम डिस्कवर जतन करून यंत्र बंद होते).

वीजबचतीच्या नावाखाली हेडला दमवणे

या चुकीकडे फार कमी लक्ष दिले जाते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. काम नसताना डिस्क आपले हेड चकतीवरून उचलून बाजूच्या उतारावर ठेवते. यामुळे वीज वाचते आणि धक्क्यापासून संरक्षण मिळते. पण प्रत्येक उचल-ठेव ‘स्मार्ट’मध्ये १९३ क्रमांकावर मोजली जाते, आणि २.५ इंची डिस्कसाठी उत्पादक साधारणपणे ६ लाख फेऱ्यांची क्षमता सांगतात. वीजबचतीची रचना आक्रमक असेल आणि पार्श्वभूमीतला एखादा प्रोग्रॅम दर अर्ध्या मिनिटाने काहीतरी लिहीत असेल, तर हेड दर तासाला १२० वेळा उठते-बसते. रोज आठ तासांच्या वापरात ही संख्या ९६० होते आणि ६ लाखांचा पल्ला दोन वर्षांच्या आतच संपतो. तो संपला की डिस्क त्याच दिवशी बंद पडते असे नाही, पण तिच्याकडून अपेक्षित असलेले आयुष्य आपण विनाकारण खर्च केलेले असते.

हा आकडा आज एकदा आणि आठवड्याने पुन्हा पाहावा. रोजची वाढ काही शेकड्यांच्या घरात असेल तर लिनक्सवर एचडीपार्म या आदेशाने डिस्कची वीजबचत पातळी २५४ वर, म्हणजे कमीत कमी बचतीवर, ठेवता येते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये याच पातळीचे नियंत्रण मिळते. सर्व डिस्क ही सूचना पाळत नाहीत आणि काही डिस्क यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती विसरतात, म्हणून बदल टिकला आहे का ते तपासावे लागते. हेड कमी वेळा उतरू लागल्यावर तापमान थोडे वाढेल. ते मर्यादेत राहत असेल तर हा सौदा मला योग्य वाटतो.

‘चांगली’ हा शेरा वाचून निश्चिंत होणे

स्मार्टचा एकूण निकाल ‘उत्तीर्ण’ आला म्हणजे उत्पादकाने ठरवलेली शेवटची रेषा अजून ओलांडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. खरी माहिती तीन ओळींत असते. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (चकतीवरील साठवणीचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर आणि १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. यांतील मूळ आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य असावा. क्रमांक ५ वर जुना, स्थिर असा लहान आकडा असेल तर लक्ष ठेवून डिस्क वापरता येते; आकडा वाढत असेल तर ती डिस्क बदलायची आहे असे समजावे. प्रलंबित सेक्टर कधीकधी त्या जागी पुन्हा लिहिल्यावर निवळतात, कारण अचानक वीज गेल्याने अर्धवट राहिलेले लेखनही तिथे मोजले जाते.

वाचनातही चूक होते. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे आणि क्रमांक सुरुवातीला सोळा-आधारी पद्धतीत दाखवतो; तिथे ‘१०’ लिहिले असेल तर प्रत्यक्षात ते १६ असतात, आणि १९७ हा क्रमांक ‘सी५’ असा दिसतो. मूळ आकडे दशमान पद्धतीत पाहण्याची सोय त्याच्या मेनूत आहे. काही उत्पादकांच्या डिस्कमध्ये पहिल्या क्रमांकाचा वाचन-त्रुटी दर कोटींच्या घरात दिसतो, तो पाहून घाबरू नये. त्यात एकूण वाचनांची संख्याही मिसळलेली असते. क्रमांक १९९ वाढत असेल तर दोष बहुधा चकतीत नसून जोडणीत असतो, आणि डिस्क काढून पुन्हा नीट बसवल्यावर तो आकडा वाढायचा थांबतो. आधीची नोंद मात्र पुसली जात नाही.

गूगलच्या त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर चार महत्त्वाच्या इशाऱ्यांपैकी एकही नोंदलेला नव्हता. म्हणून स्वच्छ अहवाल बॅकअपची जागा घेऊ शकत नाही.

आजारी डिस्कवर आधी दुरुस्ती आणि मग बॅकअप

हीच चूक सर्वांत महाग पडते. फाइल उघडायला अचानक मिनिटे लागू लागली, १९७ चा आकडा वाढू लागला, की अनेक जण विंडोजच्या चेकडिस्क या दुरुस्ती-साधनाची संपूर्ण तपासणी लावून झोपी जातात. ही तपासणी प्रत्येक सेक्टर वाचते, नाजूक जागी पुनःपुन्हा प्रयत्न करते आणि फाइल व्यवस्थेत बदलही करते. मोडकळीला आलेल्या डिस्कचे शेवटचे काही तास त्यातच संपू शकतात. डीफ्रॅगमेंटेशन (विखुरलेले फाइलचे तुकडे एकत्र मांडणे) आणि विंडोज पुन्हा टाकणे यांचेही तेच. आधी सर्वांत मोलाच्या फाइल दुसरीकडे न्याव्यात. संपूर्ण डिस्क उतरवायची असेल तर लिनक्सवरील डीडीरेस्क्यू वापरावे. ते सहज वाचता येणारा भाग प्रथम उचलते, अडणाऱ्या जागा नंतरसाठी ठेवते आणि कुठपर्यंत काम झाले याची नोंद ठेवत असल्याने मधे थांबवून पुढे चालू करता येते. या काळात डिस्कवर थेट हवा लागेल अशी व्यवस्था करणे योग्य ठरते.

ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल, तर मात्र काहीही न करता वीज तोडावी. हेड किंवा चकती जायबंदी झालेली असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक नव्या प्रयत्नाने ओरखडे वाढू शकतात. अशी डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय करू नये, कारण तिच्या आवरणाला हवेसाठी गाळणी लावलेले छिद्र असते आणि बाहेर काढल्यावर आत बाष्प धरते. आवरण घरी उघडणे तर डेटा मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाचे कामही अशक्य करू शकते.

एसएसडी बसवली म्हणजे उष्णतेचा प्रश्न संपला असे मानणे

एसएसडी चकतीऐवजी चिपमध्ये डेटा साठवते. हेड आणि चकती नसल्याने धक्क्यांची भीती जाते, परंतु एनव्हीएमई या वेगवान जोडणीच्या प्रकारची एसएसडी जड लेखनात जुन्या डिस्कपेक्षा कितीतरी अधिक तापते. तिचा कंट्रोलर (नियंत्रक चिप) तापमानाच्या ठरावीक मर्यादेला पोहोचला की तो वेग स्वतःहून कमी करतो. मोठी फाइल कॉपी करताना वेग अचानक घसरतो त्यामागे अनेकदा हेच असते, तर कधी जलद लेखनाची तात्पुरती जागा भरलेली असते. लॅपटॉपच्या तळाशी उष्णतावाहक पॅड दिलेला असेल तर एसएसडी बदलताना तो परत त्याच जागी लावावा. एनव्हीएमई प्रकारात वर सांगितलेले क्रमांक मिळत नाहीत. त्याऐवजी वापरलेल्या आयुष्याची टक्केवारी, शिल्लक राखीव जागा आणि माध्यमातील त्रुटींची संख्या पाहावी. यांपैकी त्रुटींची संख्या शून्यावरून हलली, तर टक्केवारी कितीही चांगली दिसत असली तरी त्याच दिवशी बॅकअप घ्यावा.