हेल्मेटमधला आवाज वाढवण्याआधी या चुका टाळा

समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे विदर्भातून लांब पल्ल्याच्या प्रवासाला निघणारे दुचाकीस्वार आजही अमरावती-अकोला-खामगावचा जुना महामार्ग, नागपूर-हिंगणघाट-पांढरकवड्याचा रस्ता किंवा परतवाड्याहून मेळघाटात चढणारा घाटरस्ता धरतात. या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि मोकाट गुरे असतात. अंधार पडल्यावर रोही (नीलगायी) आणि रानडुकरे आडवी येतात. अशा ठिकाणी हेल्मेटमध्ये बसवलेल्या ब्लूटूथ हेडसेटमधून काय ऐकू येते याइतकेच त्याच्यामुळे बाहेरचे काय ऐकू यायचे राहते, याचाही विचार करावा लागतो. हेडसेटविषयीची नेहमीची तक्रार ‘आवाज पुरत नाही’ ही असते आणि त्यावरचा नेहमीचा उपाय आवाज वाढवणे हा असतो. माझ्या मते हा उपाय सर्वांत शेवटचा असायला हवा, कारण आवाज कमी पडण्याचे कारण बहुतेक वेळा स्पीकरची जागा, जोडणीचा क्रम किंवा उभ्या गाडीवर केलेली सेटिंग यांपैकी एक असते.

स्पीकर कानासमोर नसणे

हेल्मेटमध्ये कानाच्या जागी खोलगट खाच असते आणि स्पीकर त्या खाचेच्या बरोबर मध्यभागी चिकटवून लोक मोकळे होतात. पण खाचेचा मध्य आणि आपल्या कानाचे भोक एकाच जागी येईल, याची खात्री नसते. हेल्मेट डोक्यावर पूर्ण बसल्यानंतर कान बहुधा थोडा वर किंवा मागे राहतो, आणि स्पीकर एक-दीड सेंटिमीटर जरी सरकलेला असला तरी आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, खालचे सूर तर जवळजवळ नाहीसे होतात.

हे तपासण्यासाठी गाडी बंद ठेवून हेल्मेट घालावे, पट्टा लावावा, ओळखीचे गाणे मध्यम आवाजात सुरू करावे आणि दोन्ही तळव्यांनी हेल्मेटच्या बाजू कानांकडे हळूच दाबाव्यात. दाबल्याबरोबर आवाज भरीव झाला, तर स्पीकर कानापासून दूर आहे. अशा वेळी त्याच्यामागे स्पंजची चकती घालून तो पुढे आणावा. बहुतेक हेडसेटबरोबर अशा चकत्या येतात. दाबून फरक पडत नसेल, पण हेल्मेट किंचित वर-खाली केल्यावर पडत असेल, तर जागाच चुकलेली आहे. स्पीकर कानाला टेकेल इतकाही पुढे आणू नये, कारण तासाभरात कानाची पाळी दुखू लागते आणि मग सारे लक्ष तिकडेच जाते.

खाच पुरेशी खोल नाही म्हणून आतला थर्माकोलसारखा थर चाकूने कोरणारे लोक मी पाहिले आहेत. हे कृपया कधीही करू नये. अपघातात डोक्याला बसणारा धक्का तोच थर शोषून घेतो, आणि तो कोरल्यावर हेल्मेटवरच्या आयएसआय चिन्हाला काही अर्थ उरत नाही. स्पीकर मावत नसेल तर पातळ स्पीकर घ्यावा किंवा हेल्मेट बदलावे.

एकच फोन दोन ठिकाणी जोडणे

होंडा गोल्ड विंग किंवा हार्ले-डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्यांवर पडदा (स्क्रीन) आणि स्पीकर गाडीचेच असतात. तिथे फोन गाडीला जोडायचा असतो आणि हेडसेटही गाडीलाच जोडायचा असतो. पण हेडसेट आधीपासून फोनला जोडलेला असेल, तर गाणी एका वाटेने येतात, फोनवरचा कॉल दुसऱ्या वाटेने येतो आणि नकाशाची सूचना तिसरीकडेच जाते. गोल्ड विंगवर तर हेडसेट जोडल्याशिवाय अ‍ॅपल कारप्ले (आयफोनचा नकाशा आणि गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) सुरूच होत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे फोनची केबल खराब आहे असे समजून नवी केबल विकत घेतली जाते. गोंधळ झाला की फोन, हेडसेट आणि गाडी या तिन्हींतील जुन्या जोडण्या पुसून टाकाव्यात. त्यानंतर आधी चालकाचा हेडसेट, मग मागे बसणाऱ्याचा आणि शेवटी फोन, असे गाडीला जोडावेत. मागच्याचा हेडसेट चालकाच्या जागी नोंदवला गेला, तर आवाजाची बटणे भलत्याच हेल्मेटवर चालतात.

हेडसेट जोडल्यावर बाहेरचे स्पीकर गप्प झाले, म्हणून ते जळाले असे समजू नये. आवाज स्पीकरला द्यायचा की हेडसेटला, हे ठरवणारी सेटिंग अशा गाड्यांत वेगळी असते आणि ती आधी पाहावी. पुढचे स्पीकर वाजतात पण मागचे वाजत नाहीत, अशी तक्रार असेल तर पुढे-मागे आवाज वाटणारी सेटिंग एका टोकाला गेलेली असण्याची शक्यता असते.

आपल्याकडे बहुसंख्य लोकांच्या गाडीला पडदा नसतो आणि हेडसेट थेट फोनला जोडलेला असतो. तिथे अडचण निराळी येते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे हेडसेट इंटरकॉमसाठी, म्हणजे स्वारांना आपसांत बोलता यावे म्हणून, एकमेकांना जोडताना पुष्कळदा ब्लूटूथची फोन-कॉलसाठी असलेली वाट वापरली जाते. ती वाट एकसुरी आणि मर्यादित दर्जाची असते, त्यामुळे इंटरकॉम सुरू होताच गाणे बंद पडते किंवा डब्यातून आल्यासारखे ऐकू येते. हा बिघाड नाही. गटाने जाणार असाल तर शक्यतो सर्वांनी एकाच कंपनीचे हेडसेट घ्यावेत, म्हणजे हा प्रश्न मुळातूनच बराच कमी होतो.

उभ्या गाडीवर सूर लावणे

घराच्या अंगणात हेडसेट लावून ‘बेस’ वाढवला की गाणे छान वाजते, पण महामार्गावर पोहोचताच सारे घुमू लागते. वाऱ्याचा हेल्मेटमधला आवाज मुख्यतः खालच्या सुरांचा असतो आणि तो गाण्यातले तेच सूर झाकून टाकतो. वाढवलेला बेस ऐकू येत नाही, उलट छोट्या स्पीकरवर ताण पडून आवाज फाटतो. म्हणून बेस कमी ठेवावा आणि मधले व वरचे सूर थोडे उचलावेत, म्हणजे माणसाचे बोलणे आणि नकाशाची सूचना स्पष्ट होते. वेगानुसार आवाज आपोआप वाढवण्याची सोय असेल तर मूळ आवाज गाडी उभी असताना कमीच ठेवावा, नाहीतर वाढ त्याच्यावर चढत जाते.

आणखी एक साधी गोष्ट अशी, की काही फोनवर फोनचा आवाज आणि हेडसेटचा आवाज वेगवेगळे राहतात. फोनवर आवाज अर्धा ठेवून हेडसेट पूर्ण वाढवला, तर खरखर वाढते. फोन जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त हेडसेटवर करावे. गूगल मॅप्समध्ये सूचनांचा आवाज कमी, मध्यम किंवा मोठा करण्याची वेगळी सोय आहे. गाणे ऐकू येते पण वळण सांगितलेले कळत नाही, अशी तक्रार असल्यास तिथे पाहावे. मेळघाटात सेमाडोह-हरिसालच्या बाजूला किंवा भामरागडकडे जाताना नेटवर्कचा भरवसा नसतो, त्यामुळे नकाशा आणि गाणी निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून ठेवावीत.

कानाची किंमत

ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटमधला वाऱ्याचाच आवाज ९५ डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. अमेरिकेच्या ‘नायोश’ या कामगारांच्या आरोग्य व सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाकाठी ८ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. त्या आवाजावर मात करण्यासाठी गाणे आणखी मोठे करणे, हे कानाचे नुकसान आपल्याच हाताने वाढवणे आहे. उलट स्पंजचे इअरप्लग घातले तर वाऱ्याचा गोंगाट कमी होतो आणि कानासमोर नीट बसवलेल्या स्पीकरचे बोलणे अधिक स्वच्छ कळते. सुरुवातीला हे विचित्र वाटते, पण करून पाहावे. इअरप्लग घातल्यावरही ट्रकचा हॉर्न ऐकू यायला हवा. तो येत नसेल तर गाणे नक्कीच मोठे आहे.

माईक आणि घरघर

समोरच्याला फक्त वारा ऐकू येतो, याचे कारण बहुधा माईकवरचा स्पंज हरवलेला असतो किंवा माईकची खूण केलेली बाजू ओठांकडे नसते. बोलण्याने सुरू होणारा इंटरकॉम उघड्या हेल्मेटमध्ये वाऱ्यानेच सुरू होतो आणि गाणे सारखे तुटते. त्याची संवेदनशीलता कमी करावी किंवा तो बटणावर ठेवावा.

गाडीच्या यूएसबीवर फोन चार्ज होत असताना, ऑक्स केबलने जोडलेल्या स्पीकरमधून बारीक शीळ येते का, ते पाहावे. अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर ती शीळ चढत गेली, तर दोष गाण्यात नाही, वायरिंगच्या अर्थिंगमध्ये आहे. चार्जर काढताच ती थांबली, म्हणजे निदान पक्के झाले. ब्लूटूथ वापरावे किंवा ऑक्सच्या वाटेवर ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगमधून येणारी अशी शीळ अडवणारा छोटा जोड) बसवून घ्यावा. बाहेरून बसवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला हेडलाइटच्या वायरमधून वीज घेऊ देऊ नये. बॅटरीपासून फ्यूजसह स्वतंत्र वायर ओढून घ्यावी. गावातून आणि विशेषतः दवाखाने व शाळांजवळून जाताना हे बाहेरचे स्पीकर बंदच ठेवावेत. दवाखाने व शाळांच्या भोवतीची किमान १०० मीटरपर्यंतची जागा ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते.

उन्हाळा

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात गाडीच्या टाकीवर ठेवलेल्या हेल्मेटमधला हेडसेट त्याहून कितीतरी जास्त तापतो. चिकटपट्टी सैल होते, स्पीकर घसरतो आणि पुन्हा ‘आवाज पुरत नाही’. लिथियम बॅटरी सामान्यतः ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून ढाब्यावर थांबल्यावर हेल्मेट सावलीत न्यावे आणि थंड झाल्यावरच चार्जिंगला लावावे. पावसाळ्यात चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण नीट दाबलेले असावे.

एवढे करूनही एकच बाजू वाजत नसेल, तर दुकान गाठण्याआधी डाव्या-उजव्या स्पीकरच्या पिना हेडसेटवर अदलाबदल करून पाहाव्यात. मुकी बाजू तीच राहिली तर स्पीकर किंवा त्याची वायर गेली आहे आणि तेवढाच भाग बदलता येतो. बाजू बदलली तर दोष हेडसेटच्या पिनेत किंवा आत आहे, आणि तो वॉरंटीत असेल तर न उघडता परत द्यावा.